वही ठेवावी की प्रबंध पुरा करावा?

पत्र (संक्षेपाने) :

स. न. वि. वि. मी कोल्हापुरात अर्थशास्त्रात पीएच.डी. करते आहे. ऊस उत्पादक कुटुंबांची उसनवारी हा माझा विषय असून सध्या चौथे वर्ष चालू आहे. गाव करवीर तालुक्यातच असल्यामुळे मी रोज घरूनच ये-जा करते. वडील साखर कारखान्याचे सभासद आहेत आणि आई दोन म्हशी सांभाळते. नोंदणी झाल्यापासून मी रोज रात्री एका वहीत लिहिते. घरातले प्रसंग, दुधाचे बिल, निवडणुका, वर्तमानपत्रात वाचलेले, मनात आलेले असे सगळे त्यात असते. अशा आठ वह्या झाल्या. मार्गदर्शकांना त्या दाखवल्या, तेव्हा ते म्हणाले, "हे फुटकळ लेखन थांबवा आणि प्रकरणे लिहा." बरोबरीच्या मैत्रिणी स्पर्धा परीक्षा देऊन नोकरीला लागल्या. मला मात्र प्रत्येक गोष्टीवर मत आहे आणि एकाही गोष्टीत अधिकार नाही, असे अलीकडे सारखे वाटते. त्यात आमचे चुलते कारखान्याच्या राजकारणात सत्ताधारी गटाचे काम करतात. जेवताना ते जे बोलतात त्यातले बरेच माझ्या वहीत येते. हे त्यांना कळल्यापासून घरात अबोला आहे. वही बंद करावी का? वहीतली चार पाने नमुना म्हणून सोबत जोडली आहेत.

उत्तर :

तुमचे पत्र वाचले आणि ती चार पाने त्याहून सावकाश वाचली. वही बंद करू नका, हे सुरुवातीलाच सांगतो. मात्र तुम्ही ती ज्या पद्धतीने लिहिता आहात ती बदलावी लागेल, आणि त्याचे कारण तुमच्याच पानांत सापडते.

ऑगस्ट 2024 मधली तुमची एक नोंद अशी आहे : "लाडकी बहीणचे दोन महिन्यांचे मिळून तीन हजार आईच्या खात्यावर आले. आईने पेंडीचे एक पोते आणले आणि उरलेले बचत गटाच्या थकलेल्या हप्त्याला दिले. बाबांना सांगितले नव्हते, गोठ्यात पोते दिसले तेव्हा त्यांना कळले." त्यानंतर आठवड्याभराने तुम्ही लिहिता : "फुकटच्या पैशामुळे खेड्यातली माणसे कष्टाला पाठ फिरवत आहेत." ही दोन वाक्ये एकाच हाताने, एकाच शाईने लिहिलेली आहेत आणि तरीही त्यांची एकमेकांशी ओळख नाही. पहिले वाक्य तुम्ही पाहिलेले आहे. दुसरे कुठून तरी आलेले आहे. वर्तमानपत्रातून, बसमधल्या गप्पांतून की विभागातल्या चहाच्या वेळी, ते तुम्हालाच ठाऊक. पण आईने आणलेल्या त्या पोत्याने या मताला जागच्या जागी हरकत घेतली होती आणि ती तुम्ही ऐकून घेतली नाही.

त्या पहिल्या नोंदीत काय काय दडले आहे, ते एकदा पाहा. पैसे पेंडीला गेले, म्हणजे ते म्हशीच्या वाटेने दुधाकडे वळले. आपल्याकडे दूध संस्थेचे बिल दहा दिवसांनी होते, म्हणजे त्या पैशाचा काही भाग त्याच महिन्यात घरी परत यायला लागला असणार. कष्टाला पाठ फिरवणारी बाई पेंड आणत नाही. दुसरे म्हणजे बचत गटाचा हप्ता थकला होता. का थकला होता? तुमचा प्रबंध उसनवारीवर आहे, आणि तुमच्याच घरातली एक थकबाकी तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकली आहे. तिसरी गोष्ट महिन्याची. ऑगस्टमध्ये ऊस बिलातला पैसा केव्हाच संपलेला असतो, पुढचे गाळप सुरू व्हायला अजून अवकाश असतो आणि दिवाळीच्या तोंडावर मिळणारा दूध दर फरक (घातलेल्या दुधावर संघ नंतर देतो ती जादा रक्कम) हातात यायचा असतो. शेतकरी कुटुंबाच्या वर्षातला तो सर्वांत कोरडा काळ आहे, निदान रोख पैशाच्या हिशेबाने. त्या वेळी आलेल्या तीन हजारांचे वजन जानेवारीतल्या तीन हजारांइतके नसते. आणि चौथी गोष्ट, जी मला सर्वांत मोलाची वाटते : वडिलांना सांगितले नव्हते. घरातला कोणता पैसा कोणाच्या नावाने येतो आणि तो खर्च करताना कोणाला विचारावे लागते, हा प्रश्न कर्जाच्या आकड्यांतून सहसा दिसत नाही, कारण प्रश्नावली भरून घेणारा माणूस कुटुंबप्रमुखाशी बोलून उठतो.

याचा अर्थ त्या योजनेवर टीका करू नये, असा नाही. जून 2024 च्या अखेरीस शासन निर्णय निघाला, ऑगस्टमध्ये पैसे खात्यावर आले आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. हा क्रम पाहून कोणाच्या मनात मतांचा विचार आला तर त्याला दोष देता येणार नाही. राज्याच्या तिजोरीवर पडणाऱ्या भाराचा प्रश्नही खराच आहे. पण पैसा कोणत्या हेतूने दिला गेला आणि तो कशावर खर्च झाला, या दोन निराळ्या चौकशा आहेत. पहिलीचे उत्तर तुम्हाला घरी बसून मिळणार नाही, दुसरीचे मात्र तुमच्या गोठ्यात उभे आहे. हातात असलेले उत्तर सोडून तुम्ही हातात नसलेल्या उत्तरावर निकाल देऊन मोकळ्या झालात.

म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे. वहीच्या डाव्या पानावर दिवसभरात प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकलेले लिहा, तारीख, रक्कम, कोण बोलले आणि कोठे, यांसह. उजव्या पानावर वाटलेले लिहा. मत लिहायला अजिबात हरकत नाही, कारण तुम्ही संशोधक असण्याआधी नागरिक आहात आणि नागरिकाने मत बाळगावेच. पण मतासमोर ते कशामुळे बनले आणि काय पाहायला मिळाले तर ते बदलेल, एवढे एका ओळीत नोंदवायची सवय लावा. पुष्कळदा उजव्या पानावर मत तयार असते आणि डावे पान कोरे असते. असे दिसले की ते मत आपले नाही, हे आपोआप कळते. प्रत्येक गोष्टीवर मत आहे आणि अधिकार कशातच नाही, ही तुमची तक्रार माझ्या मते बरीचशी या कोऱ्या डाव्या पानांची आहे.

डाव्या पानाचे महत्त्व सांगायला एक जुना दाखला देतो, कारण तो तुमच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि ती 1917 मध्ये प्रसिद्ध झाली. जमिनीचे तुकडे किती, ते कोणाकडे, बैल किती, नांगर किती, कर्ज किती, अशी घराघरांत जाऊन केलेली ती मोजदाद होती. जमिनीचे तुकडे फार लहान झाले आहेत, ही त्या काळी सर्वत्र बोलली जाणारी गोष्ट होती आणि मान यांचा रोखही तिकडेच होता. पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर (एकेका शेतकऱ्याकडे असलेल्या जमिनीवर) एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी मान यांचीच आकडेवारी घेतली आणि जवळजवळ उलटा निष्कर्ष काढला. गावात असलेले बैल आणि नांगर जमिनीच्या मानाने इतके अपुरे आहेत की, उपलब्ध साधनांच्या हिशेबाने पाहिले तर धारणक्षेत्र लहान नसून उलट मोठेच ठरते. खरी उणीव भांडवलाची आहे आणि शेतीवर नको इतकी माणसे अवलंबून आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. (हेच निबंधकार पुढे मार्च 1920 मध्ये तुमच्या जिल्ह्यातल्या माणगाव परिषदेचे अध्यक्ष होते आणि शाहू महाराज त्या परिषदेला मुद्दाम उपस्थित राहिले होते, ही गोष्ट कोल्हापूरच्या मुलीला सांगायला नको.) मान यांनी नांगर आणि बैल मोजून ठेवले नसते, केवळ "तुकडेकरणामुळे शेती बुडाली" एवढेच लिहिले असते, तर त्यांच्याशी असहमत होण्याचीही सोय राहिली नसती. आपल्या विरोधात वापरता येईल इतकी नीट नोंद करणे, हे संशोधकाच्या प्रामाणिकपणाचे मी तरी सर्वांत मोठे लक्षण मानतो.

आता तुमच्या दुसऱ्या पानाकडे येतो. तिथे एक ठसठशीत वाक्य आहे : "कारखाने शेतकऱ्याला लुटतात." असेलही. पण लूट हा शब्द वापरला की ती नेमकी कोठे होते, हे शोधण्याची गरज वाटेनाशी होते. थोडा हिशेब मांडून पाहू. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरवली आणि त्यापुढच्या प्रत्येक 0.1 टक्का उताऱ्याला 3.46 रुपये जादा. कोल्हापूरकडचा उतारा चांगला असतो. सोयीसाठी 12 टक्के धरला तर टनाला सुमारे 4,155 रुपये होतात, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या हाती येते. त्याच एका टनातून 120 किलो साखर निघते. फेब्रुवारी 2019 मध्ये ठरलेल्या किलोला 31 रुपये या किमान विक्री दराने तिचे 3,720 रुपये होतात, म्हणजे एफआरपीपेक्षाही कमी. बाजारात साखर 31 रुपयांहून महाग विकली जाते, शिवाय मळी, बगॅस (उसाचा चोथा), वीज आणि इथेनॉल यांचे उत्पन्न निराळे असते. पण प्रक्रिया खर्च, पगार आणि बँकांचे व्याजही निराळेच असते. तेव्हा वजनात काटा मारला जातो का, उतारा कमी दाखवला जातो का, खरेदीत पैसा मुरतो का, की केंद्राच्या साखर धोरणातच कारखाना आणि शेतकरी दोघेही अडकले आहेत, हे चार स्वतंत्र आरोप आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा लागतो. एखादा आरोप खरा निघाला तर तो जोराने मांडा. चारही एका शब्दात कोंबले की ज्याच्यावर आरोप आहे तोच सुखाने झोपतो.

याच पानाच्या तळाशी, जणू काही महत्त्वाचे नसावे अशा बारीक अक्षरांत, तुम्ही लिहिले आहे : "खोडवा 11 जानेवारीला तुटला. बिल 2 मार्चला जमा. मधल्या काळात सोसायटीचा हप्ता भरायला मामाकडून उसने." (खोडवा म्हणजे आधीच्या तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस.) मी तुमचा मार्गदर्शक असतो तर या ओळीखाली लाल रेघ ओढली असती. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. तुमच्या वडिलांना ते व्याज मिळाले का, याची नोंद तुमच्याकडे नाही, ती विचारून घ्या. मामांनी उसने दिलेल्या पैशावर व्याज घेतले नसेल, पण त्याच्या बदल्यात लग्नकार्यात, पेरणीच्या वेळी किंवा निवडणुकीत काही परतफेड झालीच असेल, तीही नोंदवा. प्रबंधाचे एक प्रकरण इथे जवळजवळ तयार आहे : कायद्याने 14 दिवसांत मिळायचा पैसा जितका लांबतो, तितके दिवस कुटुंब कोणाच्या जिवावर काढते?

शिवाय तुमच्या वह्यांचा काळही नशिबाने चांगला पडला आहे. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा राज्य सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये दिली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये तो शासन निर्णय रद्द केला. आपल्या भागात ऊस आंदोलनाच्या रेट्यामुळे एकरकमी देण्याचा रिवाज बऱ्याच ठिकाणी आधीपासून आहे, त्यामुळे कागदावरचा नियम बदलला म्हणून घरातले दिवस बदलले असे गृहीत धरू नका. पण निर्णयाच्या आधीची आणि नंतरची बिले तारखेसह ज्याच्याकडे आहेत, तो हे तपासू शकतो. एका घराच्या नोंदीवरून काही सिद्ध होत नाही, हे तुमचे मार्गदर्शक सांगतील आणि ते बरोबर असेल. म्हणून तुमच्या गावातली तीस-चाळीस घरे निवडा. त्यांच्या बँक पासबुकातून बिल जमा झाल्याची तारीख आणि कारखान्याच्या वजनपावतीवरून ऊस गेल्याची तारीख मिळते. मधल्या दिवसांत काय झाले, हे मात्र विचारावे लागते, आणि ते कसे विचारायचे हे तुम्हाला वहीने शिकवले आहे. शक्य तिथे घरातल्या बाईला वेगळे विचारा. ते का, हे आता सांगायला नको.

मार्गदर्शकांविषयी फार लिहीत नाही. प्रबंधाबद्दल ते बरोबर आहेत, वहीबद्दल थोडे घाईचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे असतात, पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळू शकतात आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. म्हणजे मुदत आहे, पण फेलोशिप त्याच्या कितीतरी आधी संपते आणि मार्गदर्शकांच्या डोळ्यासमोर ती तारीख असते. त्यांना आठ वह्या दाखवू नका. वर सांगितलेला प्रश्न आणि त्यासोबत दहा घरांच्या तारखांचा एक तक्ता दाखवा. नोकरीला लागलेल्या मैत्रिणींचे म्हणाल, तर त्यांची वाट निराळी आहे. त्यांच्यातली एखादी उद्या साखर आयुक्तालयात किंवा सहकार खात्यात गेली, तर तुम्हाला तिचा उपयोगच होईल.

वहीत काय लिहावे याबद्दल आणखी एकच गोष्ट. जुलै 2024 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, असे तुमच्या तिसऱ्या पानावर आहे. ते सगळ्या वर्तमानपत्रांत होते आणि तिथेच राहील. त्या दिवसांत म्हशी कोठे हलवल्या, दूध संस्थेची गाडी किती दिवस आली नाही आणि ते दूध कोणाला घातले, हे कोणत्याही वर्तमानपत्राने लिहिलेले नाही. जे इतरत्र सापडेल ते नकलून घेण्यात रात्र घालवू नका.

राहिला प्रश्न चुलत्यांचा, आणि तो मला तुमच्या सर्व प्रश्नांत अवघड वाटतो. आपल्या जिल्ह्यात पक्ष बदलतात आणि गट टिकतो. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ आणि मग विधानसभा अशा पायऱ्या इथे बांधलेल्या आहेत, त्यामुळे कारखान्याविषयी लिहिलेली कोणतीही ओळ कोणत्या तरी गटाच्या कामाची ठरतेच. काकांना भीती वाटते ती बहुधा त्याचीच आहे आणि ती निराधार नाही. जेवताना माणूस घरच्यांशी बोलत असतो, संशोधकाशी बोलत नसतो. त्याच्या परवानगीशिवाय ते बोलणे नोंद म्हणून वापरणे चूक आहे, मग ते कितीही उद्बोधक असो. त्या पानांवरची नावे काढून टाका, ओळखू येतील असे तपशील काढा आणि त्यातले काहीही प्रबंधात किंवा बाहेर वापरणार नाही, हे काकांना समोर बसून सांगा. दिलेला शब्द पुढे पाळा. एवढ्याने अबोला सुटेलच असे नाही, पण तुमच्याकडून उरलेले काम संपेल.

काकांच्या बोलण्यावाचून तुमचे फारसे अडत नाही, कारण गुपित म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टी छापील असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 प्रमाणे सभासदाला संस्थेचे उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी कार्यालयात जाऊन विनामूल्य पाहता येतात, आणि शुल्क भरून प्रतीही मागता येतात. तुम्ही सभासद नाही, वडील आहेत. तेव्हा अर्ज त्यांच्या सहीने करावा लागेल, आणि त्यांना तो करायचा आहे का, हे आधी मनापासून विचारा. ते नको म्हणाले तर आग्रह धरू नका, कारण प्रबंध तुमचा असला तरी ऊस त्यांचा आहे आणि तो त्याच कारखान्याला जायचा आहे. तसे झाले तरी वार्षिक अहवाल उरतोच. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. मंजूर, मंजूर अशा गजरात ती अर्ध्या तासात उरकली, तरी त्याआधी सभासदांना अहवाल मिळतो. त्यात गाळप, उतारा, ऊस बिलाची देणी आणि कर्जे यांचे आकडे असतात. बहुतेक घरांत तो दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो. तुमच्या घरी जुने अहवाल सापडले नाहीत तर काकांना विचारा. गटाचे काम करणारा माणूस ते टाकून देत नाही, आणि अहवाल मागितल्याचा राग त्यांना येण्याचे काही कारण नाही.